अंबाडा, अंडं आणि क्रिनोलीन: एका टेबलाच्या नोंदी

मी रिचमंड, व्हर्जिनियाजवळ राहते. मार्चमध्ये आमच्या वाचनालयात स्त्रियांच्या इतिहासावर लोक टेबलं मांडतात. यंदा मी विषय घेतला अमेरिकी यादवी युद्धातल्या (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) हेर बायका. अट एकच, मुलांनी वस्तू हातात घेऊन वापरून बघायच्या. बजेट १५० डॉलर. मदतीला बारा वर्षांची लेक आणि सहा महिन्यांसाठी कराडहून आलेल्या सासूबाई. नवऱ्याने गाडी चालवली आणि एक सल्ला दिला. तो पुढे येईल. असं टेबल कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका टाळता याव्यात म्हणून हे लिहून ठेवते आहे.

११ जानेवारी २०२५, शनिवार

यादी केली. अकरा नावं झाली. टेबल सहा फुटी. संध्याकाळपर्यंत नुसती काटछाट.

शेवटी नियम केला की जिची काही वस्तू करता येईल तीच राहणार. त्यात बेल बॉइड गेली. २३ मे १८६२ ला फ्रंट रॉयलच्या गोळीबारातून धावत जाऊन दक्षिणेचे जनरल जॅक्सन यांच्या सैन्याला निरोप देणारी अठरा वर्षांची पोर काढताना जिवावर आलं, पण धावणं टेबलावर ठेवणार कसं?

स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनसाठी नियम मोडला. २ जून १८६३ ला कोम्बाही नदीवरच्या ज्या छाप्यात सातशेहून जास्त गुलाम सुटले, त्याआधीची टेहळणी तिने आणि तिच्या माणसांनी केली होती. नदीचा नकाशा ठेवायचा. खाली एक ओळ: १८९९ मध्ये तिचं पेन्शन महिना २० डॉलर झालं, त्यातले ८ नवऱ्याची विधवा म्हणून आणि १२ परिचारिका म्हणून. हेरगिरीचा त्यात एक सेंट नाही.

१२ जानेवारी, रविवार

वाचायला बसले आणि डोकं फिरलं. एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सांगितलेली. कारणही लवकर सापडलं. आमची मुख्य बाई एलिझाबेथ व्हॅन ल्यू. रिचमंडच्या उच्चभ्रू घरातली, बंडखोर राज्यांच्या राजधानीत बसून उत्तरेसाठी हेरांचं जाळं चालवणारी. युद्ध संपल्यावर डिसेंबर १८६६ मध्ये तिने आपल्याविषयीचे कागद युद्ध खात्याकडून मागवून घेतले आणि नष्ट केले. बरोबरच होतं तिचं. तिला त्याच शहरात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचं होतं.

मग लेकीने तोडगा काढला: प्रत्येक वस्तूला रंगीत टिकली चिकटवायची. हिरवी म्हणजे त्या काळचा कागद किंवा स्वतः पाहिलेल्या माणसाची साक्ष आहे. पिवळी म्हणजे सांगोवांगी. टिकल्यांचं पाकीट ३ डॉलर. आम्ही या टिकल्या फक्त वस्तूंना लावल्या, फलकाला नाही. ही चूक पुढे ३८ डॉलरला पडली.

१८ जानेवारी, शनिवार

क्रिनोलीन, म्हणजे घेरदार झग्याखालचा कड्यांचा सांगाडा. उत्तरेच्या नाकाबंदीमुळे दक्षिणेत क्विनीन (हिवतापावरचं औषध) मिळेना, तेव्हा ते या घेराखालून यायचं. सभ्य बाईच्या झग्याला हात लावायला पहाऱ्यावरचा शिपाई कचरायचा. नॉर्थ कॅरोलायनाची, दक्षिणेची हेर एमलाइन पिगॉट १८६५ च्या सुरुवातीला पकडली गेली तेव्हा तिच्या झग्याखाली अख्खं दुकान निघालं. झडती घ्यायला बाई येईपर्यंत तिने महत्त्वाची चिठ्ठी चावून गिळली होती.

नवऱ्याचा सल्ला इथला: "नळाची प्लॅस्टिकची नळी घे, स्वस्त पडते." १४ डॉलरची घेतली. चार कडी, सर्वांत खालचं ११५ इंचांचं. दिवसभर खपून बांधलं. नळी दुकानात गुंडाळी करून ठेवलेली असते, तिचा पीळ जात नाही. घेर गोल न होता लंबगोल झाला, वर डाव्या बाजूला उचललेला. लेक घालून उभी राहिली तर सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्या झाकायची पाटी कलंडल्यासारखी दिसते."

नळी गरम पाण्यात बुडवून सरळ करायला गेले. तासभर सरळ राहिली, मग पुन्हा मूळ पदावर.

२५ जानेवारी, शनिवार

नळी फेकली. शिवणकामात वापरतात ती पांढरं आवरण असलेली पोलादी पट्टी मागवली, २२ डॉलर. पहिल्याच दिवशी हेच करायला हवं होतं. सासूबाईंनी जुन्या चादरीच्या (८ डॉलर, जुन्या वस्तूंच्या दुकानातून) पट्ट्या करून त्यात नेफा घालावा तशी पट्टी ओवली. दोन तासांत घेर गोल.

टीप: पट्टीची टोकं कापल्यावर सुरीसारखी धारदार होतात. त्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. मी दोन दिले आणि अंगठा कापून घेतला.

आतून सहा खिसे शिवले. किती माल मावतो ते पाहायला तांदळाच्या पिशव्या भरल्या. चार किलोपर्यंत बाहेरून काही कळत नाही. पाचव्या किलोला कमरेची नाडी तुटली.

१ फेब्रुवारी, शनिवार

अंडं. व्हॅन ल्यूच्या टोपलीत एक अंडं पोकळ असायचं आणि त्यात चिठ्ठी, अशी गोष्ट आहे. पिवळी टिकली.

२०२५ च्या सुरुवातीला अंड्यांचे भाव आभाळाला भिडले होते, डझन ७ डॉलरला. सुईने दोन्हीकडे भोक पाडून फुंकायचं हे माहीत होतं. कमी पडते ती फुंकर. पहिली पाच फुटली. सहाव्याच्या वेळी आधी लांब सुई आत फिरवून बलक मोडून घेतला, तेव्हा जमलं. मग लक्षात आलं की सुईच्या भोकातून चिठ्ठी जातच नाही. भोक वाटाण्याएवढं करावं लागतं आणि ते करताना सहावंही गेलं.

आठवं टिकलं. भोक मेणाने बुजवलं तर लगेच दिसतं, ठिगळ लावल्यासारखं. न बुजवता ती बाजू खाली करून टोपलीत ठेवलं, कुणाला कळलं नाही. तीन तास गेले. रात्री सगळ्यांना भुर्जी.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सासूबाईंचा.

जुलै १८६१. वॉशिंग्टनमधली प्रतिष्ठित विधवा रोझ ओनील ग्रीनहाउ दक्षिणेसाठी हेरगिरी करते. उत्तरेचं सैन्य निघणार ही बातमी तिने बेटी डुव्हाल नावाच्या तरुणीकडे दिली. ती खेडवळ पोरीचे कपडे घालून पूल ओलांडून फेअरफॅक्सला दक्षिणेचे जनरल बॉनम यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांच्यासमोर केसांची फणी काढून अंबाडा सोडला. आत रेशमात शिवलेली पुडी, चांदीच्या डॉलरएवढी. हे बॉनम यांनीच लिहून ठेवलं, म्हणून हिरवी टिकली. त्याच महिन्यात, २१ तारखेला, बुल रनची पहिली लढाई झाली आणि उत्तरेचं सैन्य पळत सुटलं.

मी इंटरनेटवर 'जुन्या केशरचना' शोधत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अंबाड्यात लपवणं काय शिकायचंय? आमच्या आत्या आठ आण्यांची नाणी ठेवायच्या." त्यांच्या बॅगेत गंगावन होतंच.

तरी पहिले दोन प्रयत्न फसले. एकदा पुडी खाली घसरली, एकदा मान हलवली की कागद कुरकुरला. घरातला छपाईचा कागद आठ घड्या घातल्यावर लाडवासारखा फुगतो. भेटवस्तूंचा पातळ कागद घेतला, पुडी काळ्या रेशमी तुकड्यात शिवली आणि अंबाड्यात नुसती न खोचता आधी शेपट्याच्या मुळाशी दोऱ्याने बांधली. वर वेढे, मग आकडे. लेक पायऱ्यांवरून उड्या मारून आली, पुडी जागेवर.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यात महाग चूक.

मेरी रिचर्ड्सचा फलक छापून आणला, ३८ डॉलर. व्हॅन ल्यूंच्या घरची गुलाम म्हणून वाढलेली ही कृष्णवर्णीय मुलगी. १८४६ मध्ये सेंट जॉन्स चर्चमध्ये बाप्तिस्मा, पुढे लायबेरियाला रवानगी, १८६० मध्ये परत, १८६१ मध्ये लग्न. ती पुढे मेरी बाउझर या नावाने गाजली. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या घरात मोलकरीण बनून कागद वाचायची, ही तिची प्रसिद्ध गोष्ट. फलकावर तिचा फोटो मोठा घेतला होता. सगळीकडे तोच फोटो असतो.

रात्री सहज तपासलं. तो फोटो तिचा नाही. त्याच नावाच्या दुसऱ्याच बाईचा, तोही १९०० च्या सुमाराचा.

छापलेला फलक गाडीत पडून आहे. नवा फलक पुन्हा ३८ डॉलर. या वेळी फोटोच्या जागी रिकामी चौकट आणि आत तिची नावं: मेरी जेन रिचर्ड्स, मेरी बाउझर, आणि १८६५ मध्ये न्यूयॉर्कला भाषणं देताना घेतलेली रिचमोनिया रिचर्ड्स आणि रिचमोनिया सेंट पिएर. भाषणांच्या बातम्या छापून आल्या होत्या, म्हणून त्यांना हिरवी. डेव्हिस यांच्या घरातल्या तपशिलांना पिवळी. आता फलकांनाही टिकल्या.

याच आठवड्यात दुसरी गोष्टही रद्द केली. व्हॅन ल्यू वेडेपणाचं सोंग घेऊन, फाटके कपडे घालून, पुटपुटत फिरायची आणि लोक तिला 'क्रेझी बेट' म्हणायचे, असं बरंच लिहिलं जातं. लेकीने तो प्रवेश बसवलासुद्धा होता. पण नंतरच्या अभ्यासकांनी ती दंतकथा म्हणून बाजूला सारली आहे. आणि विचार केला तर पटतं. वेड्या बाईला उत्तरेच्या कैद्यांना भेटायला तुरुंगात कोण सोडेल? ती आत जायची ते चांगल्या घरची, दानधर्म करणारी बाई म्हणून. लेक दोन दिवस रुसून होती.

९ फेब्रुवारी, रविवार

मुद्दाम ही तारीख धरली. ९ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री रिचमंडच्या लिबी तुरुंगातून उत्तरेचे १०९ अधिकारी भुयार खणून पळाले. ५९ जण आपल्या सैन्यापर्यंत पोचले, बाकीचे सापडले किंवा बुडाले.

व्हॅन ल्यूचं घर चर्च हिलवर, ग्रेस स्ट्रीटला. १९११ मध्ये पाडलं, तिथे आज शाळा आहे. तुरुंग खाली, केरी स्ट्रीटला. तो तर अख्खाच्या अख्खा सोडवून १८८९ मध्ये शिकागोला नेऊन संग्रहालय म्हणून उभारला होता. म्हणजे दोन्ही टोकांना काही नाही. उतार तेवढा जागेवर आहे.

क्रिनोलीन घालून, हातात झाकणाचं भांडं घेऊन मी चालले. गाडीत क्रिनोलीनसह बसताच येत नाही, पदपथावर उभं राहून घालावं लागलं. उतरायला नऊ मिनिटं. नदीकडून वारा आला आणि घेर छत्रीसारखा उलटा झाला. एक कुत्रं घाबरून भुंकलं. वर चढायला चौदा मिनिटं, दोनदा थांबून.

भांड्याची गोष्ट अशी: व्हॅन ल्यूच्या जेवण गरम ठेवायच्या भांड्याला खाली चोरकप्पा होता. पहारेकऱ्याला संशय आला. पुढच्या वेळी तिने त्या कप्प्यात उकळतं पाणी भरून आणलं आणि तपासायला हवं म्हणणाऱ्याच्या हातात दिलं. पिवळी टिकली, पण मुलांना हीच आवडणार. आम्ही दोन स्टीलच्या डब्यांची बुडं एकात एक बसवून केलं, खर्च शून्य. कोमट पाणी भरा, उकळतं नको. हे लिहावं लागतंय, कारण घरात एकाने विचारलं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांकेतिक चौकट. इथे हिरवी टिकली निःशंक. १९०० मध्ये व्हॅन ल्यू वारली तेव्हा तिच्या सांकेतिक लिपीच्या किल्लीचा कागद तिच्या घड्याळाच्या डबीत सापडला. सहा बाय सहाची चौकट, इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक मिळून ३६ घरं. बाजूला आकडे. प्रत्येक अक्षराचे दोन आकडे होतात.

प्लायवूड ११ डॉलर. पाटी रंगवली, लेकीच्या चार मैत्रिणींवर चाचणी घेतली. निम्म्या जणी आडवा आकडा आधी घेत, निम्म्या उभा. सगळा चोथा. आडव्या ओळींना निळा आणि उभ्यांना लाल रंग दिला, 'निळा आधी' असं मोठं लिहिलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मराठी मंडळाची मुलंही येणार, म्हणून मराठी चौकट करायला घेतली. क पासून ज्ञ पर्यंत मोजलं. पाच वर्गांची २५, य र ल व श ष स ह ळ ही ९, क्ष आणि ज्ञ. बरोबर ३६! मी स्वयंपाकघरात ओरडलेच.

आनंद दहा मिनिटं टिकला. काना-मात्रा कुठे जाणार? मी 'नदी पार' पाठवलं, न द प र असं. सासूबाईंनी उलगडून वाचलं, "नाद पुरे." आणि माझ्याकडे बघितलं.

उपाय: प्रत्येक अक्षराला तिसरा आकडा, तो मात्रेचा. बिनमात्रेचं ०, काना १, पहिली वेलांटी २, दुसरी ३, असं दोन मात्रांच्या कान्यापर्यंत ९. दहा आकडे, दहा मात्रा, इथेही हिशेब जुळला. स्वरांसाठी क्ष काढून त्या घरात अ बसवला. आ, इ, ई त्याच्यावरच चढतात. क्ष लागला तर क आणि ष. जोडाक्षरं फोडून लिहायची, अनुस्वारासाठी न. निरोप दीडपट लांब होतो, पण वाचता येतो.

या एका चौकटीवर मी पाच तास घालवले आणि एकाही तासाचं वाईट वाटत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अदृश्य शाई. व्हॅन ल्यूकडची शाई दूध लावलं की काळी व्हायची. तसली रसायनं घरात आणायच्या भानगडीत पडले नाही. लिंबाचा रस आणि इस्त्री. पहिल्यांदा इस्त्रीची वाफ चालू राहिली, अक्षरं पसरली. दुसऱ्यांदा कागद जळला. तिसऱ्यांदा टाकाच्या टोकाचे ओरखडेच दिसत होते, म्हणजे शाई अदृश्य आणि लिखाण दृश्य. कान साफ करायच्या कापूसकाडीने जाड कागदावर लिहिलं, वाफ बंद, मध्यम आच. जमलं. लिंबं आणि कागद ६ डॉलर.

वाचनालयात इस्त्री चालणार नाही असं दुपारी फोनवर कळलं. हा फोन तीन आठवडे आधी करायला हवा होता.

मग सासूबाई. खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने लिहायचं, सुकू द्यायचं, वरून हळदीच्या पाण्याचा बोळा. अक्षरं कुंकवासारखी लाल उमटतात. शेजारी स्पष्ट पाटी लावली: हे त्या काळचं नाही, आमच्या घरचं आहे. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा, हळदीचा डाग सार्वजनिक गालिच्यावर परवडत नाही.

नमुना पत्र लिहिताना एक गंमत. व्हॅन ल्यूला उत्तरेकडून आलेलं एक पत्र वरवर भाच्याने आंटला लिहिलेलं घरगुती पत्र आहे; आम्ल आणि आच दिली की खरा मजकूर. मराठीत लिहायला बसलो तर पहिल्याच शब्दाला अडलो. मावशी, आत्या, काकू की मामी? सासूबाईंचं मत: आत्या. आत्याला लिहिलेलं पत्र कुणी मुद्दाम उघडून वाचत नाही.

१ मार्च, शनिवार

कपड्यांची दोरी. १८६३, रॅपहॅनक नदी. एका काठाला उत्तरेचे जनरल हूकर यांची छावणी, पलीकडे दक्षिणेचे जनरल ली यांचं सैन्य. छावणीत डॅब्नी नावाचा गुलामीतून सुटलेला स्वयंपाकी. त्याची बायको पलीकडे परत गेली, एका घरी कामाला राहिली आणि धुणं वाळत घालून निरोप पाठवू लागली. ली यांच्या हाताखालच्या सेनापतींना एकेक रंग: राखाडी सदरा म्हणजे लाँगस्ट्रीट, पांढरा म्हणजे हिल, लाल म्हणजे जॅक्सन. सदरा सरकला की सैन्य सरकलं. दोन घोंगड्या खालून टाचलेल्या असल्या तर शत्रूची नुसती हूल. पिवळी टिकली. मूळ हकिकतीत नाव नवऱ्याचंच येतं.

आमच्या वसाहतीच्या नियमांत अंगणात कपडे वाळत घालायला बंदी आहे! म्हणजे ही बाई आमच्याकडे पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. शहराबाहेर मैत्रिणीच्या शेतावर गेलो. दोरी बांधली, चारशे पावलांवरून पाहिलं. पांढरा लख्ख. राखाडी मागच्या झाडीत विरघळला. लाल ढग आल्यावर काळा दिसू लागला. दुर्बिणीतून तिन्ही ओळखू आले, तेही दोन सदऱ्यांत हातभर अंतर सोडल्यावर. टेबलावर छोटी दोरी, बाहुलीचे सदरे, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुर्बीण.

८ मार्च, शनिवार

शेवटची वस्तू. ग्रीनहाउला ऑगस्ट १८६१ मध्ये उत्तरेचे गुप्तहेर पिंकर्टन यांनी पकडलं. आठ वर्षांच्या मुलीसकट तुरुंग, मग दक्षिणेत रवानगी, मग युरोप. परतताना १ ऑक्टोबर १८६४ ला विल्मिंग्टनजवळ जहाज अडकलं. ती छोट्या होडीत उतरली, होडी उलटली. अंगावर सुमारे २००० डॉलरचं सोनं होतं. ती बुडाली.

तेव्हाच्या नाण्यांच्या वजनाने हिशेब केला, साधारण ३.३ किलो. शेजाऱ्याच्या गॅरेजमधून लोखंडी वॉशर आणले, कातडी कशात भरले. गळ्यात अडकवायचा पट्टा दुसऱ्या मिनिटाला तुटला, दुहेरी धावदोऱ्याने पुन्हा शिवला. लेकीने गळ्यात घालून पाहिला. काही बोलली नाही, काढून ठेवला.

पुस्तकातली टोचणीही आजच. कैदी पुस्तकातल्या अक्षरांना टाचणीने भोकं पाडून व्हॅन ल्यूला निरोप देत. १ डॉलरची जुनी कादंबरी, अकरा शब्दांना पन्नास मिनिटं. खाली मऊ कापड ठेवा, नाहीतर टाचणी पुढची चार पानं भेदते आणि निरोप चार वेळा जातो.

१५ मार्च, शनिवार

मांडणीला दोन तास धरले होते, साडेतीन लागले. क्रिनोलीन दारातून आडवं न्यावं लागलं.

सकाळी अकरापर्यंत अंडं फुटलं. दुसरं बरोबर होतं, म्हणून वाचलो. किमान तीन न्या. हळदीचं पाणी दोनदा संपलं. मराठी चौकटीपाशी मंडळाच्या दोन मुलांनी एकमेकांना जे निरोप पाठवले ते उलगडून पाहिल्यावर लगेच पाटी पुसली.

टिकल्यांबद्दल मोठ्यांनीच जास्त विचारलं. एक आजोबा नाराज झाले, क्रेझी बेटची गोष्ट लहानपणापासून ऐकली होती म्हणाले. त्यांना पिवळी टिकली दाखवली. एका मुलीने मेरीच्या रिकाम्या चौकटीत पेन्सिलने चेहरा काढायला सुरुवात केली. मी थांबवायला गेले, मग नाही थांबवलं. संध्याकाळपर्यंत त्यात तीन चेहरे होते, एकावर एक.

खर्च

टिकल्या ३, नळी १४ (वाया), पट्टी २२, चादर ८, अंडी ७, फलक ३८ आणि ३८ (पहिला वाया), पुस्तक १, लिंबं-कागद ६, प्लायवूड ११. एकूण १४८ डॉलर, त्यातले ५२ पाण्यात. वेळ नऊ आठवडे, मुख्यतः शनिवार-रविवार. वॉशर शेजाऱ्याला परत केले. गंगावन सासूबाईंच्या बॅगेत गेलं. क्रिनोलीन गॅरेजमध्ये टांगलंय. कुणाला रिचमंडच्या आसपास हवं असेल तर घेऊन जा, नाडी नवी घाला.